राजकीय सिनेमा, करमुक्ती आणि ‘बंदी’ : नेमकं कोण काय ठरवतं?

पडद्यामागे

निवडणुका जवळ आल्या की नेत्यांवरचे चरित्रपट येतात, ऐतिहासिक पटांचे टीझर येतात आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, हा सरळसरळ प्रचार आहे, थांबवा. दुसरा म्हणतो, गळचेपी चालली आहे. दोघांचाही राग शेवटी सेन्सॉर बोर्डावर निघतो.

माझं मत वेगळं आहे. बोर्डाच्या कामात दोष आहेतच, पण ते काम कागदावर होतं. कोणता शब्द गाळा, कोणतं दृश्य कमी करा, हे लेखी मिळतं आणि म्हणून त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. राजकीय सिनेमाची खरी कोंडी होते ती प्रमाणपत्र हातात पडल्यापासून पहिल्या शुक्रवारपर्यंत. त्या दिवसांत फोन येतात, भेटी होतात, ‘वातावरण तापलंय’ असं सांगितलं जातं, आणि कुणीही काहीही लिहून देत नाही. म्हणून कुठल्याही सिनेमावर ‘बंदी’ आली असं ऐकलं की पहिला प्रश्न असा हवा : आदेश कुणाचा, कोणत्या कलमाखाली, आणि तो कागद कुठे आहे?

ताजं उदाहरण ‘फुले’ सिनेमाचं. बोर्डाने ७ एप्रिल २०२५ ला यू (सर्व वयोगटांसाठीचं) प्रमाणपत्र दिलं, पण बदल सुचवून. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढा, ‘तीन हजार वर्षांची गुलामी’ऐवजी ‘कित्येक वर्षांची’ म्हणा. माझ्या मते हे बदल चुकीचेच. जोतीरावांनी ज्या व्यवस्थेशी झुंज घेतली तिचं नावच घ्यायचं नाही, तर झुंज कशाशी होती हे पोराबाळांना कळणार कसं? पण पुढे काय झालं ते बघा. प्रमाणपत्र मिळालं होतं, ११ एप्रिल ही जयंतीची तारीख ठरली होती, तरी ट्रेलरवरून काही संघटनांनी आक्षेप घेतला आणि प्रदर्शन २५ एप्रिलवर गेलं. जयंतीचा मुहूर्त हुकला तो कुणाच्या आदेशाने? अशा कुठल्याही आदेशाचा कागद लोकांसमोर आला नाही.

जाणकारांनी आपापल्या बाजूची माहिती आणि मत दोन्ही लिहावं. पक्षांची उणीदुणी काढायला इतर धागे आहेत.

चैत्रपालवी

विषय चांगला आहे, पण बोर्डाला तुम्ही फार स्वस्तात सोडलंत. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार अध्यक्ष आणि १२ ते २५ सदस्य नेमतं केंद्र सरकार. सिनेमा प्रत्यक्ष पाहणाऱ्या सल्लागार मंडळाच्या नेमणुकाही केंद्राकडूनच होतात. सत्तेवर कुणीही असो, तिकडे आपली माणसं बसवण्याची सवय जुनी आहे. मग राजकीय सिनेमाला तटस्थ नजर मिळेल ही अपेक्षा ठेवायची कशाच्या बळावर?

श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये स्वच्छ सांगितलं होतं की बोर्डाने फक्त वयोगट ठरवावा, कात्री चालवू नये. २०२३ च्या दुरुस्तीत यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे वयोगट आले, प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत जाऊन ते कायमचं झालं, पण कात्री जिथल्या तिथे राहिली. सोयीचं तेवढं उचललं. मला हा सगळ्यात मोठा दोष वाटतो.

आणि कागद असला तरी तो घेऊन जायचं कुठे? पूर्वी बोर्डाची सिनेमा पहिल्यांदा पाहणारी परीक्षण समिती, मग फेरविचार करणारी पुनरीक्षण समिती, मग अपील न्यायाधिकरण अशी पायरी होती. न्यायाधिकरणात सिनेमा समजणारी माणसं असत आणि खर्च कमी लागे. एप्रिल २०२१ मध्ये ते बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय. दीड-दोन कोटींच्या मराठी सिनेमाचा निर्माता वकिलाची फी भरेल की दोन शब्द म्यूट करेल?

पडद्यामागे

चैत्रपालवी ताई, न्यायाधिकरणाबद्दल शंभर टक्के सहमत. मी तो मुद्दा धाग्यातच घ्यायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे.

मात्र पैशाइतकंच तारखेचंही दडपण असतं. प्रदर्शनाची तारीख आधी जाहीर होते, थिएटरं आणि जाहिराती ठरतात, आणि सिनेमा बोर्डाकडे जातो शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. मग पुनरीक्षण समितीकडे जायलाही वेळ उरत नाही. राजकीय विषय असेल तर पुढील पथ्यं पाळावीतच :

बोर्डाकडे जाणारी प्रत अंतिम असावी. पार्श्वसंगीत, उपशीर्षकं, सुरुवातीची सूचना, सगळं. नंतर केलेला प्रत्येक बदल पुन्हा बोर्डाला दाखवून प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो.

खऱ्या व्यक्ती किंवा घटना असतील तर दृश्यागणिक पुराव्यांची फाईल करावी : दृश्य क्रमांक, संवाद, त्यामागचं पुस्तक, वृत्तपत्र, सभागृहाचं कामकाज किंवा निकालपत्र, पान क्रमांकासह. ‘कशाच्या आधारे?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तोंडी उत्तराला तिथे किंमत नसते.

आक्षेप आला तर ‘हा शब्द का काढायचा, कोणत्या मार्गदर्शक तत्त्वाखाली’ हे लेखी विचारावं. १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं क्रमांकानिशी आहेत. कोर्टात हाच क्रमांक कामाला येतो. ‘उडता पंजाब’च्या वेळी २०१६ मध्ये समितीने तेरा बदल सांगितले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतला एक ठेवला, सूचनेत फेरफार करायला लावला आणि ४८ तासांत प्रमाणपत्र द्या म्हणून सांगितलं. हे शक्य झालं, कारण तेराही बदल कागदावर होते.

वऱ्हाडी_वाचक

मले एक सांगा, नेत्यावर सिनेमा काढायचा तर त्याची किंवा त्याच्या घरच्यांची परवानगी लागते की नाही? दरवेळी ‘कुटुंबाची संमती घेतली नाही’ म्हणून बोंब होते.

कलमदान

सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं लिहायला वा दाखवायला संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा आर. राजगोपाल निकाल आहे, ‘ऑटो शंकर’ प्रकरण म्हणून ओळखला जातो. न्यायालयाची कागदपत्रं, सरकारी दप्तर यांत जे आलं आहे त्यावर खासगीपणाचा हक्क सांगता येत नाही, आणि सार्वजनिक पदावरच्या माणसाला पदाच्या कामकाजाबाबत तर आणखी कमी संरक्षण आहे. त्यापलीकडे जाऊन घरातलं, खासगी आयुष्यातलं रंगवलंत की जबाबदारी तुमची.

गोची होते ती इथेच. राजकीय सिनेमावाले सभागृहातलं भाषण जसंच्या तसं घेतात, पण रात्री नेत्याच्या बायकोशी झालेलं बोलणं मनाने लिहितात. खटला त्या दुसऱ्या दृश्यावर होतो. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही पाटी तिथे वाचवत नाही. पात्र ओळखू येत असेल तर नाव बदलूनही बदनामी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे.

संमती घेतलीच तर तिची किंमतही मोजावी लागते. कुटुंबाने हिरवा कंदील दिलेला चरित्रपट सहसा आरतीसारखा होतो. मला पक्षाच्या माणसांनी उघडपणे काढलेला सिनेमा त्यापेक्षा बरा वाटतो. ‘ठाकरे’ २५ जानेवारी २०१९ ला आला, लेखन संजय राऊतांचं, ते पक्षाचे खासदार. बघणाऱ्याला पहिल्या पाटीपासून माहीत होतं की हे कुणाचं म्हणणं आहे.

तिकीटखिडकी

करमुक्तीबद्दल लिहितो, कारण त्यावरून सगळ्यात जास्त राजकारण होतं आणि हिशेब कुणीच मांडत नाही.

१ जुलै २०१७ पूर्वी करमणूक कर राज्याचा होता. राज्याने माफ केला की तिकिटातून पूर्ण जाई. जीएसटी आल्यावर महाराष्ट्रात करमणूक कर राहिला नाही. आता राज्य फार तर आपला वाटा, म्हणजे अर्धा जीएसटी, सोडू शकतं. केंद्राच्या अर्ध्याला हात लावता येत नाही.

२०० रुपये मूळ दराचं तिकीट घ्या. १८ टक्क्यांनी ३६ रुपये कर, एकूण २३६. राज्याने आपला वाटा सोडला तर १८ रुपये कमी, तिकीट २१८. झाली करमुक्ती. आणि १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून दर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. तिथे राज्याचा वाटा अडीच टक्के. १०० रुपयांच्या तिकिटावर प्रेक्षकाचे अडीच रुपये वाचणार. एवढ्यासाठी मोर्चे आणि पत्रकार परिषदा.

थिएटरवाल्याच्या बाजूने बघा. राज्याचा वाटा प्रेक्षकाकडून घ्यायचा नाही, पण सरकारकडे भरायचा, आणि मग परताव्याचा अर्ज करायचा. त्यासाठी त्या सिनेमाची विक्री वेगळी दाखवावी लागते, तिकिटावर तसा उल्लेख लागतो, मूळ दर वाढवलेला चालत नाही. परतावा येईपर्यंत पैसा अडकून पडतो. आदेश सिनेमा लागल्यानंतर आठ-दहा दिवसांनी आला तर आधी विकलेल्या तिकिटांना काहीच मिळत नाही, आणि सिनेमाची खरी कमाई तर पहिल्या दहा दिवसांतच होऊन गेलेली असते.

२०२० मध्ये ‘तान्हाजी’ला महाराष्ट्राने राज्याच्या वाट्याची सवलत दिली. २०२२ मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’साठी भाजपच्या आमदारांनी मागणी केली तेव्हा अजित पवारांनी केंद्रानेच देशभर जीएसटी माफ करावा असं उत्तर दिलं. २०२५ मध्ये ‘छावा’ मध्य प्रदेशात आणि गोव्यात करमुक्त झाला, तेव्हा देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं की महाराष्ट्रात करमणूक कर २०१७ पासूनच नाही. पहिल्या दोन वेळी सरकार महाविकास आघाडीचं, तिसऱ्या वेळी महायुतीचं, आणि सवलत कुणाला मिळणार याचा निकष एकदाही ठरलेला नव्हता. माझा आक्षेप या मनमानीला आहे. मंत्रिमंडळाला आवडला म्हणून करमुक्त ही पद्धतच बंद व्हावी.

चैत्रपालवी

आणि मराठी सिनेमाचं काय झालं तेही लिहा. जीएसटीपूर्वी मराठी सिनेमाला करमणूक कर नव्हता.

तिकीटखिडकी

बरोबर. ती सवलत कुणा एका सिनेमाला नव्हती, भाषेला होती, म्हणून ती मला न्याय्य वाटायची. १ जुलै २०१७ ला मराठी सिनेमा हिंदीच्या रांगेत गेला : १०० वरच्या तिकिटाला २८ टक्के, १०० पर्यंत १८. पुढे १ जानेवारी २०१९ पासून १८ आणि १२. राज्याला मराठीसाठी काही करायचं असेल तर राज्याचा वाटा सगळ्याच मराठी सिनेमांना कायम परत करावा. निकष सोपा आहे : प्रमाणपत्रावरची भाषा. यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

शेवटचीरांग

आचारसंहितेचं कुणीतरी नीट समजावून सांगा. निवडणुकीच्या काळात नेत्याचा सिनेमा चालतो की नाही?

कलमदान

तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र केल्या जातात.

पहिली, मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२६. सिनेमा, टीव्ही किंवा तत्सम साधनाने निकालावर प्रभाव पाडेल असं काही दाखवायचं नाही. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हा कायदा आहे, आचारसंहिता नव्हे.

दुसरी, राजकीय जाहिरात. टीव्ही, रेडिओ, सिनेमागृह, इंटरनेट, मोठ्या संख्येने पाठवलेले एसएमएस, सगळ्यांना निवडणूक आयोगाच्या माध्यम प्रमाणन समितीची पूर्वपरवानगी लागते. मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ च्या आदेशात. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवाराने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस आधी. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती, सही केलेली संहिता, निर्मितीचा खर्च, प्रसारणाचा खर्च, किती वेळा दाखवणार, कुणाच्या फायद्यासाठी. अर्ज अडकतात ते बहुधा संहिता आणि चित्रफीत जुळत नाही म्हणून. शेवटच्या क्षणी घोषणा बदलतात आणि कागद जुनाच राहतो. थिएटरात सिनेमाआधी दाखवली जाणारी स्थानिक उमेदवाराची स्लाइडसुद्धा यात येते, हे कित्येकांच्या गावी नसतं.

तिसरी, खुद्द सिनेमा. १० एप्रिल २०१९ ला केंद्रीय निवडणूक आयोगाने घटनेच्या कलम ३२४ खाली आदेश काढला की राजकीय पक्षाच्या वा व्यक्तीच्या फायद्याचा चरित्रपट आचारसंहिता असेपर्यंत दाखवू नये. ‘पीएम नरेंद्र मोदी’ दुसऱ्याच दिवशी येणार होता, तो निकालानंतर २४ मे २०१९ ला आला. माझ्या मते आदेश योग्य होता, कारण पडद्यावरचा माणूस खुद्द उमेदवार होता.

पण आयोगाचा हात आचारसंहिता लागल्यावरच पोचतो. एकनाथ शिंदेंचे गुरू आनंद दिघे यांच्यावरचा ‘धर्मवीर २’ आला २७ सप्टेंबर २०२४ ला, विधानसभेची घोषणा झाली १५ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला. अठरा दिवस मोकळे. कायद्याने यात काहीही गैर नाही, आणि जो पक्ष सत्तेत असतो त्याला घोषणेचा अंदाज इतरांपेक्षा चांगला असतो, असं माझं मत.

सिंधुदुर्गकर

नगरपालिका, झेडपीच्या निवडणुकांना हेच लागू?

कलमदान

त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. आचारसंहिता आणि परवानग्या त्याच्याच आदेशांप्रमाणे. केंद्रीय आयोगाचं २०१९ चं पत्र तिथे फडकावून उपयोग नाही. तक्रार करायचीच तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी करा आणि पोच घ्या.

खेळ_सहाचा

उमेदवार अख्खं थिएटर बुक करून फुकट खेळ लावतात त्याबद्दल लिहायला हवं. एरवी हा त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. उमेदवारी दाखल झाल्यानंतर मात्र तो निवडणूक खर्च आहे, आणि फुकट तिकीट म्हणजे मतदाराला दिलेली भेट, जी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरणात बसू शकते. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख. ३०० आसनांचा पडदा, २०० रुपयांचं तिकीट, करासकट २३६, म्हणजे एका खेळाचे ७०,८०० रुपये. दहा खेळ लावले की सात लाखांवर गेला. तक्रारीत खेळाची तारीख, पडदा, वेळ आणि तिकीट कुणी वाटलं याचा फोटो नसेल तर खर्च निरीक्षकाला काही करता येत नाही. नुसतं ‘फुकट सिनेमा दाखवला’ एवढ्यावर कुणाचा खर्च धरणार?

पडद्यामागे

आता मूळ मुद्द्यावर येतो, प्रमाणपत्रानंतरच्या कोंडीवर.

राज्य सरकारला ‘कायदा व सुव्यवस्था’ म्हणून सरसकट बंदी घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हापुन्हा सांगितलंय. १९८९ ला एस. रंगराजन प्रकरणात, २०११ ला ‘आरक्षण’च्या वेळी, जानेवारी २०१८ ला ‘पद्मावत’च्या वेळी. पश्चिम बंगालने ८ मे २०२३ ला ‘द केरळ स्टोरी’वर लेखी बंदी घातली, दहा दिवसांत, १८ मे ला, तिला स्थगिती मिळाली. त्या सिनेमातल्या आकड्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. ३२ हजार मुलींच्या धर्मांतराच्या आकड्याला पुष्टी देणारी अधिकृत माहिती नाही, अशी सूचना निर्मात्याला टाकावी लागली. तरीही बंदी चूकच होती. नावडत्या सिनेमाबाबत हे म्हणता येत नसेल तर आवडत्याच्या वेळी आपला आवाज कोण ऐकेल?

पश्चिम बंगालमधलंच दुसरं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. ‘भोबिष्योतेर भूत’ हा बंगाली राजकीय विडंबनपट १५ फेब्रुवारी २०१९ ला लागला आणि दुसऱ्याच दिवशी जवळजवळ सगळ्या पडद्यांवरून उतरला. बंदीचा आदेश नव्हताच. मग निर्माते जिंकले कशावर? दोन कागदांवर. एक, प्रदर्शनाआधी पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाने ‘आधी आमच्या अधिकाऱ्यांना दाखवा’ असं लिहिलेलं पत्र. दोन, एका मल्टिप्लेक्स साखळीने ‘अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून खेळ थांबवत आहोत’ असं निर्मात्याला लिहिलेलं उत्तर. ११ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याला २० लाखांची भरपाई आणि एक लाख खर्च द्यायला लावला.

मल्टिप्लेक्सने ते एक वाक्य लिहिलं नसतं तर हे सिद्ध करणं महाकठीण होतं. म्हणून निर्मात्याने खेळ रद्द झाल्याचं फोनवर ऐकलं की त्याच दिवशी ईमेल करावा : अमुक पडदा, अमुक वेळ, खेळ कोणत्या कारणाने आणि कुणाच्या सांगण्यावरून काढला ते कळवा. उत्तर आलं तर पुरावा, नाही आलं तरी आपला प्रश्न तारखेनिशी नोंदला गेला.

खेळ_सहाचा

थिएटरवाल्याची बाजूही समजून घ्या. त्याच्यासाठी हा सिनेमा म्हणजे आठवड्याचा माल. मल्टिप्लेक्सचा २००९ चा करार असा : निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे जोखीम घ्यायच्या पहिल्या आठवड्यात थिएटरच्या हाती निम्मंच पडतं. काच फुटली, खुर्च्या फाटल्या तर भरपाई कोण देणार? ‘पद्मावत’च्या तोडफोडीनंतर कोडुंगल्लूर फिल्म सोसायटीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ ला सांगितलं की नुकसान करणाऱ्यांकडून वसुली करा, चित्रीकरण करा, पुढाऱ्यांना चौकशीला बोलवा. अंमलबजावणी झाली तर थिएटरवाला घाबरणार नाही. ती होत नाही तोवर त्याच्याकडून धाडसाची अपेक्षा करणं मला पटत नाही.

तरी एक करता येतं. धमकी आली की पोलीस ठाण्यात लेखी बंदोबस्त मागावा : सिनेमाचं नाव, प्रमाणपत्र क्रमांक, खेळांच्या वेळा, धमकीचा फोटो किंवा ध्वनिमुद्रण. पोच घेऊन ठेवावी.

आणि प्रत्येक काढलेला खेळ दडपणाने काढलेला नसतो. सोमवारी दहा तिकिटं गेली की मंगळवारचा खेळ जातोच. फरक ओळखायचा तर बघा : आगाऊ बुकिंग अचानक बंद झालं का, शेजारच्या सगळ्या पडद्यांवरून एकाच वेळी गेला का, आणि ज्या खेळाला गर्दी होती तोही काढला का. तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर कारण विचारावं. एकट्या दुकट्या पडद्यावरून गेला असेल तर तो धंदा.

चैत्रपालवी

केंद्राच्या हातातलं एक हत्यार राहिलंच. सिनेमॅटोग्राफ कायद्याचं कलम ६(२). प्रमाणपत्र मिळाल्यावरही केंद्र सिनेमा प्रमाणपत्ररहित ठरवू शकतं, वर्ग बदलू शकतं किंवा प्रदर्शन दोन महिन्यांपर्यंत स्थगित करू शकतं. उदयपूरच्या कन्हैयालाल हत्येवरच्या ‘उदयपूर फाइल्स’च्या वेळी जुलै २०२५ मध्ये केंद्राने याच कलमाखाली आणखी सहा बदल सुचवले. दिल्ली उच्च न्यायालयाने विचारलं की कात्री लावण्याचा अधिकार या कलमात आहे कुठे? केंद्राला आदेश मागे घ्यावा लागला, सिनेमा ८ ऑगस्टला आला. त्याच आठवड्यात मराठी ‘खालिद का शिवाजी’चं प्रदर्शन मात्र केंद्राने महिनाभर थांबवलं. आधी हिंदुत्ववादी संघटनांचे आक्षेप, मग राज्य सरकारचं पत्र, मग स्थगिती. दोन्ही सिनेमांचे राजकीय रंग उलट आहेत, म्हणून ही जोडी मुद्दाम एकत्र ठेवतेय. हे कलम आज ज्यांना आवडतंय त्यांना उद्या ते नकोसं होईल.

विंगेतून

सिनेमाचं पुष्कळ झालं, रंगमंचाचं लिहितो. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. ब्रिटिशांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा रद्द झाला, पण ही पूर्वतपासणी पोलीस कायद्याखालच्या नियमांमधून येते, म्हणून ती उरली. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. माझं मत ठाम आहे : छापील पुस्तकाला आधी परवानगी लागत नाही, तर नाटकाला का लागावी?

राजकीय नाटकाची अडचण अशी की त्यातली ताकद त्या दिवसाच्या बातमीवर घेतलेल्या वाक्यात असते, आणि ते वाक्य मंजूर संहितेत नसतं. तक्रार आली की पहिल्यांदा संहिता आणि प्रयोग ताडून पाहतात. लोकनाट्याच्या परंपरेत वगातली बतावणी आयत्या वेळचीच असायची. ती परंपरा मिरवायची आणि प्रत्येक वाक्य आधी दाखवा म्हणायचं, हे जुळत नाही.

स्टँडअपचं दडपण आणखी उघडं. २३ मार्च २०२५ च्या रात्री विनोदकार कुणाल कामराच्या एकनाथ शिंदेंवरच्या विडंबनगीताच्या व्हिडिओवरून खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली, दुसऱ्या दिवशी तिथे पालिकेचं पथक पोचलं, आणि जागेने स्वतःच कार्यक्रम थांबवत असल्याचं जाहीर केलं. बोलणारा राहिला बाजूला, ज्याने मंच दिला त्याचं छप्पर गेलं. उद्या होतकरू कलाकाराला जागा कोण देणार, हा मला त्या एका गाण्यापेक्षा मोठा प्रश्न वाटतो. गाणं आवडलं नाही म्हणणारे माझेही मित्र आहेत, त्यांनी तक्रार करावी, खटला भरावा.

वऱ्हाडी_वाचक

ओटीटीवर काही आक्षेपार्ह वाटलं तर रस्ता कोणता?

कलमदान

२०२१ च्या आयटी नियमांत तीन पायऱ्या. आधी त्या मंचाचा तक्रार अधिकारी : २४ तासांत पोच, १५ दिवसांत निर्णय. मग त्यांची स्वनियमन संस्था. मग केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय. तक्रारीत मालिकेचं नाव, भाग, मिनिट-सेकंद आणि नेमकं काय चुकीचं ते लिहा. ‘भावना दुखावल्या’ एवढ्यावर ती निकाली निघते.

शेवटचीरांग

सगळ्यांचे आभार. पडद्यामागे, तुमच्या कागदाच्या मुद्द्यावर शेवटचा प्रश्न. प्रेक्षकाला हा कागद मागता येतो का, की फक्त निर्मात्याला?

पडद्यामागे

माहिती अधिकारात कुणालाही मागता येतो. पोलीस राज्याचे, म्हणून अर्ज राज्याच्या नमुन्यात : जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘सिनेमा का थांबवला?’ असं विचारू नका. ‘का’ हा प्रश्न माहिती नाही म्हणून परत येतो. असं लिहा : ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक चित्रपटाच्या प्रदर्शनाबाबत या पोलीस ठाण्यातून चित्रपटगृहांना पाठवलेल्या पत्रांच्या व नोटिसांच्या प्रती, तसेच बंदोबस्ताच्या आलेल्या अर्जांच्या प्रती व आवक-जावक नोंदवहीतील संबंधित नोंदी.’ तीस दिवसांत उत्तर. नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

‘असे कोणतेही पत्र पाठवलेले नाही’ असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा आणि त्याची प्रत निर्मात्यालाही द्या. पोलिसांनी सांगितलं म्हणून खेळ काढला असं थिएटर म्हणत असेल, तर त्या दोन कागदांतली विसंगतीच पुढच्या याचिकेचा पहिला परिच्छेद होते.